क्रँकचा एक फेरा

बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागात, लाँगब्रिजपासून दोन-अडीच मैलांवर, एका मराठी कुटुंबाचे जुने घर आहे. घराच्या अंगाला विटांचे गॅरेज आहे आणि त्या गॅरेजात १९६६ सालची एक करडी मॉरिस मायनर. घरातील वडील गृहस्थ, ज्यांना आप्तस्वकीय नाना म्हणून ओळखतात, त्यांनी ही गाडी १९७२ साली एका शाळामास्तरांकडून जुनी म्हणून घेतली. मुलांना शाळेत पोचवणे, हिथ्रोवर उतरणाऱ्या पाहुण्यांना घरी आणणे, गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन बसलेल्या माईंना सभागृहापर्यंत सांभाळून नेणे, ही सारी कामे तिने निमूटपणे केली. पुढे तिच्या मागून निळसर धूर निघू लागला, तेल पाण्यासारखे लागू लागले आणि चढावर इंजिनाच्या पोटातून कुणी दार ठोठावावे तसा आवाज येऊ लागला. तेव्हापासून ती गॅरेजात उभी होती.

तिचे इंजिन घरीच उतरवून नव्याने बांधावे, ही कल्पना नानांच्या चिरंजीवांची. चिरंजीव पन्नाशी ओलांडलेले, पेशाने हिशेबतपासनीस. हातात पाना असा त्यांनी आयुष्यात धरलेला नव्हता. कायद्याच्या बाजूने गाडीला आडकाठी नव्हती. चाळिशी उलटलेल्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती २०१८ पासून उरलेली नाही, आणि २०२१ साली बर्मिंगहॅमच्या मध्यभागी स्वच्छ हवेचा पट्टा लागू झाला, त्याच्या करातूनही अशी जुनी वाहने सुटली आहेत. आडकाठी होती ती नानांची.

“विकून टाक,” ते म्हणत. “हात काळे करायला तुला शिकवलं नाही.”

या एका वाक्यामागे साठ वर्षांचा इतिहास होता आणि तो घरात कधी उघडपणे बोलला गेला नव्हता. नाना कोल्हापूरचे, हेडमास्तरांचे चिरंजीव, राजाराम महाविद्यालयाचे बी. एस्सी. १९६२ च्या कायद्याने इंग्लंडात नोकरीसाठी येणाऱ्यांना व्हाऊचर लागू लागले. त्यांतले पदवीधरांसाठी असलेले ‘बी’ वर्गाचे व्हाऊचर मिळवून ते १९६४ साली या देशात उतरले. पदवीचा कागद त्यांनी अनेक कचेऱ्यांत दाखवला. शेवटी ज्या दारातून त्यांना आत घेतले गेले ते लाँगब्रिजच्या मोटार कारखान्याचे दार होते, आणि आत जे मिळाले ते टेबल नव्हते, इंजिने जोडण्याच्या रांगेतील एक जागा होती. घरी पत्र गेले ते असे : ‘मोटारींच्या कारखान्यात इंजिने तपासण्याचे काम मिळाले आहे.’ हेडमास्तरांनी ते पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवले. १९६९ साली नाना प्रथम मायदेशी गेले, तेव्हा निघण्यापूर्वी पंधरा दिवस रोज रात्री साबणाच्या फेसात साखर कालवून ते हात घासत. साखरेच्या कणांनी नखांच्या कडेचे काळे तेल निघते, ही युक्ती कारखान्यातच शिकलेली होती. माई ते पाहत आणि काही बोलत नसत. मुलांना मात्र गॅरेजात पाऊल ठेवण्याची बंदी होती. कारखाना २००५ साली बंद पडला तेव्हा नाना निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती, आणि दूरदर्शनवरील ती बातमीही त्यांनी अर्ध्यावर बंद केली.

अशा घरात २०२४ सालचा पाडवा झाल्यावरच्या शनिवारी चिरंजीवांनी गॅरेजचे दार उघडले.

मॉरिस मायनर हे वाहन नवशिक्यावर दया करणारे आहे. १९४८ साली ॲलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेतून ते रस्त्यावर आले आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिच्या पुढील काळातल्या गाड्यांत बसलेले ‘ए-सिरीज’ इंजिन १९५१ पासून थेट २००० सालापर्यंत या ना त्या गाडीसाठी बनत राहिले, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. या गाडीचे इंजिन १०९८ सी.सी.चे. चार सिलिंडर एका ओळीत, बिडाचा जड ठोकळा, विद्युत उपकरणे नावापुरती. बॉनेट काढले की दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा असते. आजच्या मोटारीत ज्या कामासाठी आधी संगणक जोडावा लागतो, ते येथे अर्ध्या इंचाच्या पान्याने होते.

चिरंजीवांनी बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलीने खुणा केल्या, बॅटरी सोडवली, पाणी आणि तेल काढून घेतले, रेडिएटर उचलला. मग एकेक तार आणि नळी सोडवून तिच्यावर चिठ्ठी बांधली. हिशेबनिसाला हे काम साजेसे होते. गिअरबॉक्स जागेवर ठेवून तिच्याखाली जॅक दिला, भोवतीचे बोल्ट काढले आणि भाड्याने आणलेल्या क्रेनच्या साखळीला इंजिन टांगले. ते सरळ वर उचलता येत नाही. गिअरबॉक्सचा दांडा क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत आधी पुढे ओढावे लागते. या पुढे ओढण्यातच दुपार गेली. संध्याकाळी चार वाजता इंजिन हवेत आले. त्याच्याखालून काळे पाणी ठिबकत होते आणि चिरंजीव त्याच्याकडे घाबऱ्या कौतुकाने पाहत होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणखी एक मनुष्य पाहत होता.

दुसऱ्या दिवशी रॉकर काढून झाले. या इंजिनात कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या आठ सळ्या असतात; त्यांना पुशरॉड म्हणतात. चिरंजीवांनी पहिली सळी उपसून बाकावर ठेवली, दुसरी उपसली आणि ती पहिलीच्या शेजारी ठेवणार, तोच मागून आवाज आला.

“थांब!”

नाना दारात उभे होते. पायांत घरातल्या सपाता, खांद्यावर शाल, हातात पेढ्यांचा रिकामा खोका. त्यांनी झाकणाला पेन्सिलीने आठ भोके पाडली, प्रत्येकाखाली देवनागरीत १ ते ८ आकडे घातले आणि खोका पुढे केला.

“ज्याची जागा त्यालाच. प्रत्येक सळी आपल्या टॅपेटवर घासून घासून बसलेली असते. दुसऱ्याच्या टॅपेटवर दिली, तर दोघांनाही खाते.”

“नाना, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“ऐकून,” नाना म्हणाले आणि शाल काढून खुंटीला अडकवली.

त्या दिवसापासून गॅरेजात दोन खुर्च्या आल्या. नानांचे वय चौऱ्याऐंशी आणि हाताला कंप. त्यामुळे बोल्ट चिरंजीव काढत आणि तो कुठे ठेवायचा ते नाना सांगत. हेड निघाले, साखळी निघाली, पिस्टन वरच्या बाजूने बाहेर आले. सिलिंडरच्या तोंडाशी नख फिरवले की एका पायरीवर अडकत होते. रिंगा जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत भिंत झिजलेली, त्याच्या वर मूळची. धुराचे मूळ तेथे सापडले. ठोक्याचे मूळ खाली होते. क्रँकच्या बेअरिंगांवरील राखी मुलामा जाऊन आतले तांबूस थर दिसत होते.

ठोकळा आणि क्रँक घेऊन पितापुत्र ब्लॅक कंट्रीतील एका छोट्या यंत्रशाळेत गेले. सिलिंडर वीस थाऊंनी वाढवायचे आणि क्रँक दहा थाऊंनी घासायचा असे ठरले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ हे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एवढ्या झिजेपायी एवढे मोठे यंत्र जायबंदी होते! यंत्रशाळेत कातणीच्या तेलाचा उग्र वास भरला होता. नाना दाराशीच उभे राहिले.

“उद्यमनगरात हाच वास यायचा,” ते म्हणाले. “कॉलेजला जाता-येता. शेतकरी ऑइल इंजिनं घेऊन यायचे बोअर करायला. मी रस्त्याच्या पलीकडून जायचो. हेडमास्तरांचा मुलगा, आत कसा जाणार?”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जे शिकायला फुकट मिळाले असते त्यासाठी सात समुद्र ओलांडावे लागले, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. ते चिरंजीवांनी परतीच्या वाटेवर मनाशी जुळवले.

क्रँक बसवण्याचा दिवस मात्र नानांचा होता. त्याच्या आतील तेलाचे मार्ग त्यांनी रॉकेलने आणि लांब ब्रशाने तीनदा धुऊन घेतले. घासकामाचा एक कण जरी आत राहिला तरी नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी ओरखडते. नव्या अर्धगोल शेलच्या पाठीवरचा ०१० हा आकडा त्यांनी प्रत्येकावर तपासला. मधल्या बेअरिंगच्या दोन्ही अंगांना क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या असतात. त्या हातात घेऊन त्यांनी न पाहता अंगठ्याचे नख फिरवले आणि खाचांची बाजू ओळखली. “खाच क्रँककडे,” ते पुटपुटले. या इंजिनाच्या क्रँकला तीनच बेअरिंगे. तीन टोप्या, प्रत्येकीला दोन बोल्ट. टोप्या ठोकळ्यासह एकत्रच कातलेल्या असल्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही, त्या उलट्याही बसवता येत नाहीत. नानांच्या हाताचा कंप थांबलेला नव्हता. डाव्या हाताने उजवे मनगट धरून त्यांनी प्रत्येक बोल्टाचे पहिले दोन आटे स्वतः लावले आणि मग टॉर्क पाना मुलाच्या हाती दिला. साठ पौंड-फूट. पान्याने ‘टक्’ असा आवाज दिला की थांबायचे. एका टोपीचे दोन बोल्ट आवळून झाले की नाना क्रँक दोन बोटांनी पूर्ण एक फेरा फिरवून पाहत. अडला नाही की पुढची टोपी.

सहावा बोल्ट झाल्यावर चिरंजीवांनी विचारले, “कारखान्यात हेच करत होतात?”

“हेच. तीन टोप्या, सहा बोल्ट, एक फेरा. फिरला की पुढे ढकलायचं. बावीस वर्षं.”

“दिवसाला किती?”

“मोजले नाहीत.”

“आणि पुढे?”

“पुढे दुसरी माणसं. पिस्टन कुणी घालायचे, साखळी कुणी. माझ्या जागेवरून दिसत नसे. मध्ये लोखंडी कपाट होतं.” काही वेळाने ते म्हणाले, “वडिलांना लिहिलं ते अगदीच खोटं नव्हतं. एक फेरा देऊन तपासत होतोच की.”

पुढचे काम दोघांनाही नवे होते, आणि त्यामुळे नात्याचा तोल काहीसा बदलला. चिरंजीव रात्री दुरुस्तीचे पुस्तक वाचत व सकाळी समजावून सांगत. नाना ऐकत आणि पुस्तकात नसलेले प्रश्न विचारत. रिंगा एकेक करून सिलिंडरात सरकवून त्यांच्या टोकांतील फट फीलर गेजने मोजली, कमी भरली तेथे कानशीने घासली. हातोडीच्या लाकडी मुठीने ठोकत पिस्टन आत उतरवले. साखळीच्या दोन चाकांवर एकेक ठिपका असतो; ते समोरासमोर आणून साखळी चढवली. हेडचे नऊ नट मध्यापासून बाहेर अशा क्रमाने चाळीस पौंड-फुटांवर आणले. टॅपेट लावण्याची एक गंमत पुस्तकात सापडली. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सातवा उघडला असता दुसऱ्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. माई चहा घेऊन आल्या तेव्हा पितापुत्र मोठ्याने पाढे म्हटल्यासारखे आकडे म्हणत होते.

ऑगस्टच्या एका शनिवारी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बसवायचा होता. चिरंजीवांनी पुस्तकाबरहुकूम पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणला, पुलीची खाच खुणेशी जुळवली आणि दांडा आणायला ते बाकाकडे वळले. तेवढ्या वेळात नानांनी सवयीने पुलीच्या नटाला पाना लावून क्रँकला एक फेरा दिला. अडत नव्हता. खाच पुन्हा खुणेशी आली. चिरंजीव परतले, खाच जागेवर पाहिली आणि दांडा उतरवला.

रविवारी इंजिन गाडीत बसले, पाणी-तेल भरले गेले. ठिणगीचे प्लग काढून ठेवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. मग प्लग लावले आणि किल्ली दिली. इंजिन गुरगुरले, थरथरले आणि कार्बोरेटरच्या तोंडातून फटाक्यासारखा आवाज होऊन हातभर ज्योत बाहेर पडली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. नानांचा चेहरा उतरला.

“माझ्याच हातचं काही चुकलं,” ते म्हणाले आणि आत निघून गेले.

पुढले तीन दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. जेवताना बोलेनात. बावीस वर्षे ज्यात कधी खोट निघाली नाही तेच घरच्या गाडीत बिघडले, असे त्यांनी मनाशी घेतले असावे. माईंनी मुलाला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितले, “गाडी चालू झाली नाही तरी चालेल. पण दोष कुणाचा ते शोधून काढ, आणि तो यांचा नसू दे.”

चिरंजीवांनी रात्री पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले, रॉकरवरचे झाकण उघडले आणि खाच खुणेवर आणून विजेरीच्या उजेडात आत पाहिले. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होते. पहिल्याचा एक मिटत होता आणि दुसरा उघडू लागला होता. ठिणगी पहिल्याला मिळत होती, दाब चौथ्यात होता. चार फेऱ्यांच्या इंजिनात पिस्टन दोनदा माथ्यावर येतो, एकदा वायू दाबताना आणि एकदा धूर बाहेर लोटताना. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. खाच दोन्ही वेळा खुणेशी येते, पण ठिणगी हवी असते एकाच वेळी. शनिवारी दोन खेपांच्या मध्ये क्रँक बरोबर एक फेरा फिरला होता. तो कुणी फिरवला हे चिरंजीवांना तत्काळ कळले, आणि माईंची अट पाळता येणार नाही हेही.

सकाळी त्यांनी नानांना हाताला धरून आणले आणि काही न लपवता सारे सांगितले. बेअरिंगे उत्तम आहेत, हे आधी सांगितले. नाना बराच वेळ गप्प होते.

“माझ्यापुढे नुसता क्रँक असायचा,” ते अखेर म्हणाले. “एक फेरा दिला की तो जागेवर आला. वर साखळी आहे, कॅम आहे, त्याच्या हिशेबी तो अर्धाच फेरा, हे कसं सुचणार?” मग त्यांनी विचारले, “झाकण उघडंच आहे ना?”

प्लग काढून मुलाने पुढच्या बंपरमधून हँडल घातले आणि हळूहळू फिरवू लागला. नाना वाकून आठ रॉकर पाहत होते. एक दबे, दुसरा उठे; कुठे दोन्ही स्तब्ध. “थांब,” “आता पुढे,” “पुन्हा मागचं दाखव,” असे अर्धा तास चालले. पेढ्यांच्या खोक्यात उभ्या राहिलेल्या त्या आठ सळ्या आता आपापल्या जागी खालीवर होत होत्या. राजाराम महाविद्यालयाच्या बी. एस्सी.ने इंजिनाचे तत्त्व फळ्यावर शिकले होते, आणि लाँगब्रिजने त्याचा एक तुकडा आयुष्यभर हातात दिला होता. सबंध इंजिन चालताना त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिले.

डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावरील चार तारा समोरासमोर बदलल्या असत्या तरी काम भागले असते. नाना ऐकेनात. दांड्यात लांब बोल्ट आटवून तो वर ओढून काढला आणि अर्धा वळवून नीट बसवला. या खेपेस खाच जुळवल्यावर नानांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते.

किल्ली दिली. दुसऱ्या फिरकीला इंजिनाने पेट घेतला. प्रथम खोकला, मग धूर, मग तो मायनरचा ओळखीचा बोबडा आवाज. तेलाच्या दाबाचा दिवा विझला. नानांनी मडगार्डवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. शेजारचे इंग्रज गृहस्थ कुंपणावरून डोकावून टाळ्या वाजवून गेले. माईंनी मोरीवर साखरेची वाटी ठेवली होती. नानांनी साबणाने हात धुतले, वाटी तशीच राहिली.

सप्टेंबरात गणपतीची मूर्ती त्याच गाडीतून सभागृहात आली. प्रसाद घेण्यासाठी नानांनी हात पुढे केला तेव्हा मंडळाच्या एका जुन्या सभासदाचे लक्ष त्यांच्या नखांकडे गेले.

“नाना, हे काय?”

“इंजिन बांधलं,” नाना म्हणाले. “सगळं.”

बाहेर आवारात गाडीखाली तेलाचे दोन थेंब पडले होते. त्या इंजिनाच्या क्रँकला मागच्या टोकाशी रबरी सील नसते, तेल परतवण्यासाठी नुसती मळसूत्री खाच असते, आणि तिला सारे तेल परतवता येत नाही. नानांनी डिकीतून वर्तमानपत्र काढले, त्याची चौघडी केली आणि ती वाकून थेंबांवर सरकवली.